थ्रश: झाडावरचा, तोंडातला आणि खुरातला

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी बाळंतिणींसाठी एक इंग्रजी आरोग्यपुस्तिका मराठीत आणायचं काम तुमच्याकडे आलंय. तीत ‘थ्रश’ हा शब्द जागोजागी आहे. कोश उघडला तर पहिला अर्थ ‘कस्तूर पक्षी’ आणि दुसरा ‘लहान मुलांच्या तोंडाचा रोग’. कुणीतरी तुम्हाला असं सांगितलं की कस्तुराच्या छातीवर ठिपके असतात, बाळाच्या तोंडातही ठिपके उठतात, म्हणून दोघांना एकच नाव पडलं. हे खरं का, आणि मराठीत नेमकं लिहायचं काय?

ठिपक्यांची गोष्ट खरी नाही. ऐकायला छान आहे, आणि शब्दांच्या बाबतीत ऐकायला छान वाटणाऱ्या गोष्टींवर मी आता चटकन विश्वास ठेवत नाही. युरोपातल्या ज्या गाणाऱ्या कस्तुरावरून ही कल्पना निघाली असेल त्याच्या छातीवर पिवळट रंगावर गडद तपकिरी ठिपके असतात. बाळाच्या तोंडात नेमकं उलटं दिसतं, लालसर पृष्ठभागावर पांढरे चट्टे. ज्यानं दोन्ही जवळून पाहिलंय त्याला हे साम्य सुचणार नाही.

खरी गोष्ट अशी की हे दोन शब्द मुळात वेगळे आहेत. वेगवेगळ्या वाटांनी आले, घासले गेले आणि इंग्रजीत येऊन एकाच उच्चारावर थांबले. पक्ष्याचा थ्रश फार जुना. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तो जवळपास याच रूपात होता, आणि त्याचं गोत युरोपभर पसरलेलं आहे: जर्मन ‘ड्रॉसेल’, रशियन ‘द्रोज्द’, लिथुआनियन ‘स्त्राज्दास’, लॅटिन ‘टुर्डुस’. रोगाचा थ्रश त्या मानानं कालपरवाचा. तो इंग्रजी लिखाणात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसायला लागतो आणि बहुधा स्कँडिनेव्हियाकडून आलेला असावा, कारण डॅनिशमध्ये याच दुखण्याला ‘ट्रोस्के’ आणि स्वीडिशमध्ये ‘तोर्स्क’ म्हणतात. त्याच्या मागचं मूळ मात्र धूसर आहे.

पक्षी आणि रोग वेगळे, याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे हीच शेजारची भाषा. स्वीडिशमध्ये पक्ष्याला ‘त्रास्त’ म्हणतात आणि रोगाला ‘तोर्स्क’. दोघांची तिथं गाठच पडली नाही. पण गंमत बघा, ‘तोर्स्क’ म्हणजे स्वीडिशमध्ये कॉड मासासुद्धा. फ्रेंचमध्ये या दुखण्याचं नाव ‘म्युगे’, आणि म्युगे म्हणजे १ मे रोजी एकमेकांना भेट देतात ती पांढरी घंटेसारखी फुलं. म्हणजे बाळ तेच, दुखणं तेच. इंग्रजाच्या तोंडात पक्षी, स्वीडिश माणसाच्या तोंडात मासा आणि फ्रेंचाच्या तोंडात फूल. जर्मनांनी रोगासाठी ‘झोर’ असा वेगळाच शब्द ठेवला आणि ते सुटले असं वाटेल, पण त्यांच्या ‘ड्रॉसेल’चा दुसरा अर्थ आहे इंजिनातला थ्रॉटल. पक्ष्याच्या नशिबी टक्कर आहेच, कुणाशी ना कुणाशी.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. ‘सर’ घ्या. पावसाची सर, मोत्यांचा सर, शाळेतले सर. पहिले दोन आपले, तिसरा इंग्रजांनी दिलेला. तरी ‘सर आली’ आणि ‘सर आले’ यात कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण क्रियापद लिंग आणि वचन सांगून टाकतं. इंग्रजीत हे काम दुसरी गोष्ट करते. पक्षी मोजता येतो: एक थ्रश, दोन थ्रश, अनेकवचनी रूप, आधी ‘अ’ किंवा ‘द’. रोग मोजता येत नाही. त्याच्याआधी सहसा काही लागत नाही, तो नुसता ‘होतो’. मी नवशिक्यांना पहिली खूण हीच सांगते. वाक्यात थ्रशच्या आधी संख्या किंवा ‘अ’ दिसला तर झाडाकडे बघा, उघडा शब्द दिसला तर तोंडाकडे. शंभरातली नव्वदएक वाक्यं इथंच सुटतात, उरलेल्यांसाठी आजूबाजूचे शब्द वाचायचे.

पण मराठीतली एक सवय आपल्याला या बाबतीत चुकीच्या दिशेला ढकलते, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. आपल्याकडे प्राण्यांची नावं रोगांना खरोखरच साम्यावरून पडलेली आहेत. नागीण घ्या. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, आग होते, आणि पट्टा वळत जातो, म्हणून नागीण. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं, विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, असं आमच्या गावाकडे अजूनही ठामपणे सांगतात. (हे खरं नाही. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो आणि नंतर त्याच तंतूच्या वाटेनं वर येतो. ती वाट बहुतेक वेळा अंगाच्या मध्यरेषेवर संपते, म्हणून पट्टा अर्धाच राहतो.) आता डॉक्टर त्याला म्हणतात ‘हर्पिस झोस्टर’. हर्पिस हा ग्रीक शब्द ‘सरपटणे’ या क्रियेवरून आलाय, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाला ‘हर्पेटॉलॉजी’ म्हणतात तो त्याच मुळावरून. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. ग्रीकांनी आणि आपल्या आज्यांनी एकच चित्र पाहिलं.

गजकर्णाचंही तसंच, चट्टा पसरत हत्तीच्या कानासारखा होतो. कर्करोगात कर्क म्हणजे खेकडा आहे, आणि तोही ग्रीक-लॅटिनमधून जसाच्या तसा उचललेला. रांजणवाडी, भोवरी, मोतीबिंदू ही सगळी नावं डोळ्यांनी पाहून ठेवलेली. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कुजतं त्याला आपण चिखल्या म्हणतो आणि कारणच नावात घालतो. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला ‘थ्रश म्हणजे पक्षी आणि थ्रश म्हणजे रोग’ असं सांगितलं की त्याचं मन लगेच साम्य शोधायला लागतं. तुम्हाला ठिपक्यांची गोष्ट सांगणाऱ्याचं तेच झालं असणार. नागीण हा एकच शब्द आहे, सापावरून आजारावर सरकलेला. थ्रश हे दोन शब्द आहेत, एकाच कपड्यातले. नागीण पाहून जे डोळे तयार होतात ते थ्रशला चालत नाहीत.

आता पक्ष्याबद्दल, कारण तो मला आवडतो आणि तुमच्या पुस्तिकेत त्याचं काही काम नसलं तरी पुढं कधी लागेल. मराठीत कस्तूर हे नाव आपण बऱ्याच पक्ष्यांना सैलपणे लावतो. सह्याद्रीत सगळ्यात ओळखीचा तो शीळ कस्तूर. लांबून काळा दिसतो, उन्हाची तिरीप पडली की कपाळ आणि खांदे निळे चमकतात. ओढ्याकाठी, धबधब्यालगतच्या खडकांत राहतो. आंबोलीला एका जूनमध्ये आम्ही उतरलो होतो तिथं पहाटे, अजून उजाडलंही नव्हतं, मागच्या पाण्याच्या टाकीजवळ कुणीतरी शीळ घालत होतं. सूर धरून नाही. आळसावून, मधेच थांबून, चाल विसरल्यासारखं पुन्हा सुरू करून. मला वाटलं चहा करणारा पोरगा उठलाय. दार उघडून चहा सांगायला गेले तर टाकीच्या कठड्यावर हा एकटा. इंग्रजीत त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी पोरगा’ अशा अर्थाचं टोपणनाव आहे, म्हणजे फसलेली मी पहिली नव्हे.

नारिंगी डोक्याचा कस्तूर तुम्हाला मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही दिसेल. झाडाखालचा पाचोळा उलटापालटा करत किडे शोधतो. आपल्याकडच्या उपजातीच्या पांढऱ्या गालावर दोन उभ्या काळ्या रेघा असतात. हिवाळ्यात गडांच्या तटांवर एकटा बसलेला, धुरकट निळा पक्षी दिसला तर तो बहुधा निळा शैल कस्तूर, उत्तरेकडून आलेला पाहुणा.

आणि इथं आणखी एक गुंता आहे जो कोशवाल्यांना सहसा ठाऊक नसतो. इंग्रजीत ज्यांच्या नावात थ्रश आहे ते सगळे थ्रश कुळातले नाहीत. शीळ कस्तूर आणि शैल कस्तूर पूर्वी त्याच कुळात धरायचे, पण जनुकांचा अभ्यास झाल्यावर त्यांना माशीमारांच्या कुळात हलवलं गेलं. ज्यांना ‘लाफिंग थ्रश’ म्हणतात ते तर आणखी तिसऱ्याच कुळातले, सातभाईंच्या गोतातले. उलट नावात थ्रश नसलेला आपला सह्याद्रीतला ‘ब्लॅकबर्ड’ मात्र अस्सल टुर्डुस, म्हणजे खऱ्या थ्रश कुळातला. म्हणजे ‘गाणारा पक्षी’ एवढा एकच अर्थ घेतला तरी त्याच्या आत पुन्हा तीन-चार घरं निघतात. मराठी नाव देताना शास्त्रीय नाव शेजारी ठेवा एवढंच सांगते.

पक्ष्याच्या या शब्दाची एक शाखा थेट गिरणगावात आली होती, तेही सांगून टाकते. थ्रशला जुन्या आणि बोलीतल्या इंग्रजीत ‘थ्रॉसल’ म्हणत. इंग्लंडात सूत कातायचं एक यंत्र निघालं, ते चालताना गुणगुणल्यासारखा आवाज करी म्हणून कामगारांनी त्यालाही थ्रॉसल म्हटलं. मुंबईच्या गिरण्यांत हा शब्द यंत्राबरोबर आला आणि थ्रॉसल खात्यात माणसं आयुष्यभर राबली. आपण कस्तुराच्या नावानं हजेरी लावतोय याची कल्पना त्यांतल्या किती जणांना असेल! त्या खात्याच्या आवाजात गाणं ऐकू येणं जरा अवघडच होतं.

आता तोंडातला थ्रश. या दुखण्याला कारण एक बुरशी, कँडिडा आल्बिकान्स. काटेकोर बोलायचं तर ती यीस्ट, पाठ्यपुस्तकी मराठीत ‘किण्व’. पण पुस्तिकेत ‘किण्व’ लिहू नका, कुणालाही कळणार नाही; आणि नुसतं ‘यीस्ट’ लिहिलंत तर आया विचारतात की मी पाव खाल्ला म्हणून झालं का? (नाही. पावातली यीस्ट वेगळी.) ‘बुरशी’ पुरे. ती निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यातही गुपचूप असते. शेजारचे जिवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला जागेवर ठेवतात. अँटिबायोटिक्स झाली, मधुमेह हाताबाहेर गेला, कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली, प्रतिकारशक्ती खालावली की ती माजते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते, म्हणून त्यांना लवकर.

नावात पुन्हा एक गंमत. १८३९ साली लांगेनबेक या जर्मन वैद्यानं विषमज्वराच्या एका रोग्यात अशी बुरशी पाहिली. नंतर तिला बरीच नावं पडत गेली आणि कँडिडा हे नाव १९२३ मध्ये क्रिस्टीन बेर्खाउट या डच संशोधिकेनं दिलं. लॅटिनमध्ये ‘कँडिडुस’ म्हणजे शुभ्र, आणि ‘आल्बिकान्स’ म्हणजे पांढरी होत जाणारी. पांढरी पांढरी, असं दुहेरी नाव. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक खडूनं शुभ्र केलेला झगा घालत, त्यावरून ‘कँडिडेट’ शब्द आला. आपल्याकडचे उमेदवारही पांढऱ्या कडक इस्त्रीतच फिरतात, तेव्हा हे लक्षात ठेवायला सोपं.

या बुरशीवरचं एक जुनं भरवशाचं औषध म्हणजे निस्टॅटिन. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी ते १९५० मध्ये जगापुढं आणलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी त्याच राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत. मातीतून वाढवलेल्या सूक्ष्मजीवांचे नमुने काचेच्या बरण्यांतून टपालानं इकडून तिकडं जात. निस्टॅटिनमधलं ‘निस्टॅट’ म्हणजे न्यूयॉर्क स्टेट. भाषांतर करताना औषधाच्या नावाचा अर्थ शोधत बसू नये, पण हा कळला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आता माझ्या टेबलावरचा अनुभव. बावीसएक वर्षं मी आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर आणि संपादन करतेय. दम्याच्या पंपासोबत येणारं एक माहितीपत्रक तपासायला आलं होतं. स्टिरॉइडचा पंप ओढला की औषधाचा अंश तोंडात राहतो आणि तिथं बुरशी माजू शकते, म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकायची, हा त्यातला महत्त्वाचा इशारा. मराठीत आलं होतं: ‘या औषधाच्या वापराने तोंडात कस्तूर होऊ शकतो.’ भाषांतर करणाऱ्यानं कोशातला पहिला अर्थ घेतला होता, आणि तपासणाऱ्यानं ‘कस्तूर’ हे एखाद्या रोगाचं आयुर्वेदिक नाव असेल म्हणून पुढं ढकललं होतं. ही दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटली. हसू येणारी चूक कुणीतरी पकडतं. जी चूक विद्वान दिसते ती छापली जाते.

त्या पत्रकात मग काय लिहिलं? पहिला पर्याय सगळ्यांच्या मनात येतो तो ‘तोंड येणे’. तो टाळा. मराठीत तोंड आलं म्हणजे सहसा तोंडात फोड किंवा व्रण आले, तिखट लागेना, जिभेची आग होते. तोंड आलं की आपला माणूस औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतो आणि चार दिवस वाट बघतो. बुरशीला त्या गोळीनं काही होत नाही. आयुर्वेदातला ‘मुखपाक’ही तसाच सैल आहे, शिवाय तो शब्द आता बोलण्यात नाही. आम्ही लिहिलं: ‘तोंडात पांढरे चट्टे उठू शकतात (बुरशीचा संसर्ग)’. लांब आहे, पण वाचणाऱ्याला आरशात काय शोधायचं ते कळतं. जिथं मराठीत एकशब्दी नाव नाही तिथं दिसणारी खूण लिहावी, असं मी आता सरसकट करते. पारिभाषिक शब्द बनवून छापण्याचा सोस मलाही तरुणपणी होता.

तुमच्या पुस्तिकेत मात्र एक जास्तीची अडचण आहे, आणि ती ब्रिटनची आहे. अमेरिकेत थ्रश म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं तोंड येतं. बायकांच्या त्या दुखण्याला तिकडं ‘यीस्ट इन्फेक्शन’ म्हणतात. ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात ‘मला थ्रश झालाय’ असं एखादी बाई म्हणाली तर ती बहुधा योनीमार्गातल्या संसर्गाबद्दल बोलतेय. बुरशी तीच, जागा वेगळी. म्हणजे तुमच्या मजकुरात एकाच शब्दाला तीन जागा असू शकतात: आईचा योनीमार्ग, आईची स्तनाग्रं आणि बाळाचं तोंड. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा, कुणाचा आणि कुठला? इंग्रजी लेखकानं ते सांगितलं नसलं तरी मराठीत सांगावंच लागेल.

योनीमार्गाच्या ठिकाणी लगेच ‘अंगावरून पांढरं जाणं’ लिहावंसं वाटेल. आपल्या बायका तसंच म्हणतात, आणि म्हणूनच तिथं सांभाळा. अंगावरून पांढरं जाणं हे लक्षण आहे, त्याची कारणं अनेक, आणि थोडंफार जाणं तर नेहमीचंच असतं. बुरशीच्या संसर्गात ते दह्याच्या कवडीसारखं घट्ट असतं, सहसा फारसा वास नसतो, आणि मुख्य त्रास खाजेचा असतो. ‘श्वेतप्रदर’ लिहिलंत तर तो शब्दही त्याच सैल अर्थाचा, वर पुस्तकी. ‘योनीमार्गात बुरशीचा संसर्ग’ असं पहिल्यांदा लिहा आणि कंसात ‘ब्रिटनमध्ये याला थ्रश म्हणतात’ असं घाला. हे महत्त्वाचं आहे. ती बाई तिथल्या डॉक्टरपुढं बसेल तेव्हा तिला तोच शब्द ऐकू येणार आहे. अर्थ कळावा म्हणून मराठी आणि ओळखता यावा म्हणून थ्रश, दोन्ही द्या.

बाळाच्या तोंडाबद्दलच्या पानावर एक गोष्ट मूळ इंग्रजीत बहुधा नसेल, पण मराठी वाचकासाठी प्रकाशकाशी बोलून घालून घ्या. आपल्या घरांत बाळाचं तोंड पांढरं दिसलं की टाकणखाराची लाही मधात कालवून बोटानं लावायची पद्धत होती, अजूनही आजीच्या सांगण्यावरून चालते, आणि परदेशी गेलेल्या घरांतही बटव्यात टाकणखार निघतो. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तान्ह्या बाळाच्या पोटात गेला तर विषारी. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. इंग्रजी लेखकाला टाकणखाराची कल्पना असायचं कारण नाही, तुम्हाला आहे. आजीला दुखवू नका, पण वाक्य स्पष्ट लिहा: ‘टाकणखार आणि मध लावू नये.’

दुसरी गोष्ट दुधाची. नुकतंच प्यायलेल्या बाळाची जीभ पांढरी दिसतेच. ओल्या मऊ कापडानं अलगद पुसलं आणि पांढरं निघून गेलं तर ते दूध. चिकटून राहिलं, किंवा निघालं आणि खाली लाल, हुळहुळं दिसलं, आणि गालांच्या आतल्या बाजूलाही असंच असलं, तर डॉक्टरला दाखवायचं. भाषांतरात इथं ‘खरवडून’ असं क्रियापद मी पाहिलंय. कृपया नको. एखादी घाबरलेली आई खरोखर खरवडेल.

तिसरा थ्रश तुमच्या कामाचा नाही, पण त्याच्यावाचून हे उत्तर अपुरं राहील. घोड्यांना होतो तो. खुराच्या तळाशी मध्यभागी एक मऊ, त्रिकोणी भाग असतो, तो ओल्या घाणेरड्या जागेत उभं राहून कुजतो, काळपट द्रव येतो आणि असा वास सुटतो की पाय उचलायच्या आधीच कळावं. माथेरानला मोटारींना बंदी, तेव्हा गावातली बहुतेक ये-जा पायी, हातरिक्षानं नाहीतर घोड्यावर व्हायची, आणि पाऊस म्हणजे लाल चिखलाचा चार महिन्यांचा मुक्काम. तिथं एका घोडेवाल्याला मी सकाळी खुरातला चिखल आकड्यानं कोरून काढताना पाहिलंय. आधी दोन्ही बाजूंच्या खाचा, मग मधला त्रिकोण, प्रत्येक वेळी आकडा नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा. ‘वास नाही म्हणजे खूर चांगला,’ म्हणाला.

आता यातला भाषांतराचा सापळा. खुराच्या त्या त्रिकोणी भागाला इंग्रजीत ‘फ्रॉग’ म्हणतात. घोडे पाळणाऱ्यांसाठीच्या एका मार्गदर्शिकेचा यंत्रानं केलेला कच्चा मराठी मसुदा माझ्याकडे आला होता. त्यात ‘घोड्याच्या बेडकामध्ये गाणारा पक्षी झाल्यास’ असं वाक्य होतं, आणि पुढं तो पक्षी दररोज घासून स्वच्छ करण्याची सूचना. मी तो कागद बरीच वर्षं जपून ठेवला होता. गंमत झाली, पण तिथं ‘बुरशीचा संसर्ग’ लिहिणंही चूकच ठरलं असतं. खुरातला थ्रश मुख्यतः जिवाणूंचा, हवा न लागणाऱ्या जागी वाढणाऱ्यांचा. कँडिडाशी त्याचा संबंध नाही. तिथं साधं ‘खूर कुजणे’ लिहायचं. म्हणजे रोगाच्या थ्रशला एक मराठी शब्द ठरवून सगळीकडे बदलून टाकायची सोय नाही. पक्षी बाजूला काढला तरी माणसाचा आणि घोड्याचा वेगळा राहतो.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की पुस्तिकेतलं एक वाक्य अडलंय: आईला आणि बाळाला दोघांनाही थ्रश असेल तर दोघांवर एकाच वेळी उपचार करावेत, अशा अर्थाचं. ते प्रकरण स्तनपानाचं आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा इथला आईचा थ्रश स्तनाग्रांचा. मी असं लिहीन: ‘बाळाच्या तोंडात आणि आईच्या स्तनाग्रांवर, दोन्हीकडे बुरशीचा संसर्ग (थ्रश) असेल, तर दोघांनाही एकाच वेळी औषध द्यावं लागतं. एकालाच दिलं तर पाजताना संसर्ग पुन्हा दुसऱ्याकडून येऊ शकतो.’ दुसरं वाक्य मूळात नसेल तर कंसात टाका. त्याच्याशिवाय आई स्वतःचं औषध दोन दिवसांत बंद करते, कारण दुखणं बाळाचं, असंच तिच्या डोक्यात असतं. आणि पुस्तिका चित्रांसाठी जाईल तेव्हा चित्रकाराला इंग्रजी मथळा देऊ नका, मराठी द्या. आमच्याकडे एकदा बाळाच्या तोंडाच्या पानावर फार सुरेख कस्तूर काढून आला होता, फांदीवर, चोच उघडून.